थोरली सिस्टर आणि शिकाऊ पोरगी

या पानावर आपण नेहमी लागणीच्या तारखा, बेणेप्रक्रिया, खोडव्याची निगा असले वाचतो. आजचा विषय शेताबाहेरचा आहे, पण आपल्या उंबऱ्याच्या आतला आहे. कबनूर, कोरोची, चंदूर, रुई या आपल्या टापूत आज कितीतरी घरांतली एखादी मुलगी नर्सिंगला आहे, नाहीतर जायच्या तयारीत आहे. उसाच्या बिलातून तिची फी भरली जाते. पण ती तिथे नेमके काय शिकते, कोण शिकवते, आणि शिकवणाऱ्या जुन्या सिस्टर तिच्याकडे कोणत्या नजरेने बघतात, याची चौकशी आपण फारशी करत नाही. मीही केली नव्हती.

माझे वडील बांधावरून पाय घसरून पडले आणि मांडीचे हाड मोडले. ऑपरेशन झाले आणि पुढे बरेच दिवस मी त्यांच्या खाटेशेजारी बसून होतो. बसल्या बसल्या माणूस बघतच राहतो. त्या वॉर्डात दोन-तीन सिस्टर आणि त्यांच्या मागे-पुढे शिकाऊ मुलींचा एक घोळका असायचा. मुलींच्या हातात वही, खिशात कात्री आणि पेन, आणि तोंडावर भीती.

पहिल्याच दिवशी गंमत झाली. एक शिकाऊ मुलगी इंजेक्शन घेऊन आली. वडिलांनी तिला खालपासून वरपर्यंत बघितले आणि म्हणाले, "ही पोर टोचणार व्हय मला? थोरल्या बाईंना बोलवा." पोरगी रडायच्या बेताला आली. सिस्टर मागेच उभ्या होत्या. वय पन्नाशीच्या पुढचे, बोलणे आपल्याकडचेच. त्या म्हणाल्या, "आबा, घरात बैलं हायती न्हवं? नवं खोंड कसं जुपताय?"

"जुन्या बैलाच्या जोडीला."

"मग मी कशाला हुबी हाय हितं?"

वडील गप्प झाले आणि कुशीवर वळले. मुलीने इंजेक्शन दिले. हात थोडा थरथरला, पण दिले.

पुढे त्या सिस्टरांशी बोलणे वाढत गेले. रात्रपाळीला, रुग्ण निजल्यावर, त्या चार्ट भरता भरता बोलायच्या. "दादा, लोकांना वाटतं शिकाऊ पोरी आल्या म्हंजे आमचं काम हलकं झालं. तसं असतंय आणि नसतंय बी." एक ताप-नाडी-श्वास मोजून लिहायला त्यांना स्वतःला जेवढा वेळ लागतो, त्याच्या तिप्पट वेळ मुलीकडून करून घ्यायला लागतो. शिवाय मुलीची चूक झाली तर जाब मुलीला नव्हे, सिस्टरांना विचारला जातो. म्हणून काही सिस्टर शिकाऊ मुलींच्या हातात औषध देतच नाहीत. त्यांना नमुने लॅबला पोचवायला, स्टोअरमधून सामान आणायला, चादरी मोजायला धाडतात. दिवस भरतो, हजेरी लागते, वही भरते, आणि पोरगी होती तिथेच राहते. आपल्याकडे एखादा नवा गडी ठेवावा आणि त्याला वर्षभर नुसता चहा आणायला पिटाळावे, तशातलीच ही गत.

दुसरा एक प्रकार सासूचा. "आम्ही सोसलं, तुम्हीबी सोसा." जुन्या काळी शिकाऊ मुलींना हॉस्टेलात कडक शिस्त असायची, आणि रात्री सगळा वॉर्ड दोन-तीन मुलींच्या भरवशावर टाकलेला असायचा, हे त्या काळातल्या सिस्टर सांगतात. त्यातून ज्या तयार झाल्या त्या पक्क्या झाल्या, यात शंका नाही. पण त्यातल्या काही मनाने कडूही झाल्या, आणि तो कडवटपणा पुढच्या पिढीवर निघतो. रुग्णासमोर, नातेवाइकांसमोर मुलीला वाट्टेल तसे बोलतात. आमच्या सिस्टरांचा याला सक्त विरोध. त्यांचे म्हणणे, पोरगी एकदा बोलण्याला भ्याली की चूक लपवायला लागते. आणि दवाखान्यात लपवलेली चूक म्हणजे काय, हे सांगायला नको.

हे मी डोळ्यांनी पाहिले. एका सकाळी अंग पुसताना एका मुलीला वडिलांच्या माकडहाडाजवळ कातडी लालसर दिसली. ती आदल्या दिवशीच बोलणी खाल्लेली मुलगी. घुटमळली, पण सिस्टरांना जाऊन सांगितले. सिस्टर आल्या, बोटाने दाबून बघितले. दाबल्यावरही लाली जात नव्हती. ही अंथरुणातल्या जखमेची पहिली पायरी. एकदा कातडी फुटली की महिना-महिना भरून येत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाच्या जिवावरही बेतते. त्या दिवसापासून दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेखाली मोकळे राहील अशी उशी द्यायची, चादरीला सुरकुती ठेवायची नाही, असे सुरू झाले. ते काम सिस्टरांनी त्याच मुलीकडे दिले. आठवड्यात लाली गेली.

सलाईनचेही तसेच. आपल्याला वाटते बाटली लावली की झाले. सिस्टर मुलीच्या हातात घड्याळ द्यायच्या आणि हिशेब विचारायच्या. ५०० मिलिलिटरची बाटली ८ तासांत संपवायची, सेट मिलिलिटरला २० थेंबांचा, तर मिनिटाला थेंब किती? उत्तर साधारण २१. मुलगी ओठ हलवत थेंब मोजायची. ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे लगेच पटेल. जास्त सोडले की बिघडले, कमी सोडले की सुकले. फरक एवढाच की इथे ऊस नसतो, माणसाचे हृदय असते. औषध देण्यापूर्वी पाच गोष्टी मोठ्याने म्हणायला लावायच्या. रुग्ण तोच का, औषध तेच का, मात्रा तीच का, द्यायची वाट तीच का, वेळ तीच का.

खरे तर वॉर्डातच शिकायचे ही रीत जुनी आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शाळा काढली, ती याच पायावर. आपल्या भागात डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला रुग्णालय उभे केले आणि "मिरजेचं मिशन" हे नाव घरोघर झाले. तिथे शिकलेल्या परिचारिका पुढे गावोगावच्या दवाखान्यांत गेल्या. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विधवा बायकांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घ्यायला पाठवले, तेव्हा लोकांनी नाके मुरडली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय, असा प्रश्न. आज तेच लोक जावई शोधताना मुलगी नर्स आहे हे आधी सांगतात.

स्वातंत्र्याच्या तोंडावर, १९४६ साली भोर समितीने अहवाल दिला. त्यात देशात परिचारिका सुमारे ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक, असा हिशेब आहे. तेव्हापासून शाळा वाढल्या, मुली वाढल्या. पण वॉर्डात उभ्या असणाऱ्या जुन्या, जाणत्या सिस्टर त्या मानाने वाढल्या नाहीत, असे माझे मत आहे. एका सिस्टरमागे रुग्ण किती आणि शिकाऊ मुली किती, हे कोणत्याही मोठ्या दवाखान्यात दुपारच्या पाळीला जाऊन मोजावे. कोरोनात, मे २०२१ मध्ये, शेवटच्या वर्षाच्या नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनाही वरिष्ठांच्या देखरेखीखाली कामाला घ्यावे असे केंद्र सरकारने ठरवले. त्या वेळी कोणाची शिकवणी खरी आणि कोणाची कागदावरची, ते आपोआप कळले असणार.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर १९७३ साली हल्ला झाला आणि त्या २०१५ साली वारेपर्यंत अंथरुणावर होत्या. ४२ वर्षे तिथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. सुरुवातीला ज्यांनी सांभाळले त्या निवृत्त झाल्या, आणि हल्ल्याच्या वेळी ज्या जन्मल्याही नव्हत्या त्यांनी पुढे घास भरवला, कूस बदलली. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात या सेवेची वाखाणणी केली. थोरल्या हातांनी धाकट्या हातांना शिकवल्याशिवाय हे झाले नसते.

आता पालकांसाठी कामाचे. एएनएमचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, जीएनएमचा तीन वर्षांचा, बीएस्सी नर्सिंगचा चार वर्षांचा. प्रवेश घेण्यापूर्वी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे का, हे कागद बघून खात्री करा. इमारत किती मजली आहे ते बघू नका. मुली शिकायला कोणत्या रुग्णालयात जातात, तिथे खाटा किती आणि त्या भरलेल्या असतात का, हे विचारा. आपल्या ओळखीच्या एका शेतकऱ्याने दोन हंगामांचे बिल एका संस्थेत ओतले, आणि मुलीने पहिल्या वर्षभरात पुतळ्यावरच इंजेक्शन टोचले. त्या सिस्टरांना हे सांगितले तर त्या म्हणाल्या, "पुतळा ओरडत न्हाई, दादा. रुग्ण ओरडतोय, तवा हात शिकतोय." कोल्हापूरच्या सीपीआरमध्ये, आपल्या भाषेत थोरल्या दवाखान्यात, रोजची गर्दी बघितली की हे बोलणे पटते.

मुलगी सुट्टीला घरी आली की तिला एवढे जरूर विचारा, "वॉर्डात सिस्टर तुझ्याकडून काय करून घेतात?" "काहीच न्हाई" असे उत्तर आले तर एकदा जाऊन भेटा. आणि आपण स्वतः रुग्ण म्हणून गेलो तर शिकाऊ मुलीला हाकलू नका. सिस्टर शेजारी उभी आहे का, तेवढे बघा.

घरी सोडायच्या दिवशी वडिलांच्या हातातली सलाईनची सुई काढायला सिस्टर स्वतः आल्या. वडील म्हणाले, "तुम्ही नगं. त्या पोरीला बोलवा."