जीपवर्गीय वाहनांची घरगुती उंचीवाढ : मुंबई उपनगरांच्या संदर्भात दोषनिदानाची पद्धत

प्रस्तावना

जीप आणि मुंबई यांचे नाते जुने आहे. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र आणि महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे कांदिवलीच्या आकुर्ली मार्गावर या कंपनीचा मोठा कारखाना उभा राहिला. त्यामुळे अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यात जुन्या जीप बाळगणारे हौशी आणि त्या दुरुस्त करणारे कारागीर आजही आढळतात. २०१० मध्ये आलेल्या थार या वाहनाने आणि २०२० मध्ये आलेल्या तिच्या दुसऱ्या पिढीने या हौशींमध्ये तरुणांची भर घातली.

या वाहनांची उंची वाढविण्याकडे अनेकांचा कल असतो. त्यामागे सह्याद्रीतील खडकाळ वाटांची ओढ असते, तसेच पावसाळ्यात तुंबणाऱ्या पाण्याची धास्तीही असते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. अंधेरीचा भुयारी मार्ग तर दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो. वाहन थोडे उंच असते तर बरे झाले असते, असा विचार अशा वेळी स्वाभाविकपणे येतो. मग कुर्ल्याच्या बाजारातून सुटे भाग आणून सोसायटीच्या आवारातच काम उरकले जाते. वाहन उंच होते. परंतु काही दिवसांतच स्टिअरिंग भटकणे, थरथर होणे, धक्के बसणे अशा तक्रारी सुरू होतात. या तक्रारींची कारणे कोणती, ती कोणत्या क्रमाने शोधावीत आणि घरगुती कामाची मर्यादा कोठे मानावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उंचीवाढीचे प्रकार व एक गैरसमज

जुन्या जीपमध्ये चारही चाकांना पोलादी पाट्यांच्या स्प्रिंग असतात. अशा वाहनाची उंची तीन प्रकारे वाढविली जाते : पाट्याचे टोक चेसिसला जोडणारे शॅकल अधिक लांबीचे बसवून, अधिक कमानीचे पाटे घालून किंवा पाटा आणि आस यांच्यामध्ये ठोकळा ठेवून. २०१० च्या थारच्या डिझेल कॉमन रेल प्रकारात पुढील चाकांना टॉर्शन बार होते. ते आवळले की पुढची बाजू वर येते. हा मार्ग सर्वांत स्वस्त असल्याने तोच अधिक वापरला गेला. २०२० च्या थारमध्ये पुढे व मागे गुंडाळीच्या स्प्रिंग आहेत. तेथे अधिक लांबीच्या स्प्रिंग किंवा त्यांवर ठेवावयाच्या चकत्या वापरल्या जातात.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. सस्पेन्शन उंच केल्याने चेसिस, इंजिन आणि हवा ओढून घेण्याचे तोंड वर जाते. परंतु आस जेथे होती तेथेच राहते. डिफरन्शियलच्या खालची मोकळी जागा एका मिलिमीटरनेही वाढत नाही. ती केवळ मोठ्या टायरने वाढते. तसेच आसावरील हवा जाण्याचे छिद्र पूर्वीच्याच उंचीवर राहते. त्यामुळे तुंबलेल्या पाण्यातून गेल्यास डिफरन्शियलच्या तेलात पाणी शिरण्याचा धोका कायम असतो. केवळ पाण्याच्या भीतीपोटी उंची वाढवू पाहणाऱ्याने या छिद्राची नळी वरपर्यंत नेणे हा अधिक सोपा उपाय आहे.

दोषनिदानाचे मूलतत्त्व

उंचीवाढ म्हणजे केवळ काही भाग बदलणे नव्हे. चेसिस आणि आस यांच्यामध्ये जे जे जोडलेले असते, त्या प्रत्येकाचा कोन किंवा लांबी या कामामुळे बदलते. प्रोपेलर शाफ्ट, ड्रॅग लिंक, शॉकअब्सॉर्बर, ब्रेकची रबरी नळी आणि हँडब्रेकची तार ही त्याची उदाहरणे होत. म्हणून तक्रार उद्भवताच नव्या भागाला दोष देण्याऐवजी, ‘या कामामुळे कोणता कोन बदलला आणि कोणती लांबी अपुरी पडली?’ हा प्रश्न प्रथम विचारावा. नवा भाग निर्दोष असूनही वाहन सदोष चालू शकते, ही गोष्ट लक्षात न आल्याने अनेकदा चांगले भाग फेकून दिले जातात.

या प्रश्नाचे उत्तर मिळण्यासाठी कामापूर्वीची मोजमापे लिहून ठेवलेली असावी लागतात. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची चारही बाजूंनी घ्यावी. जमिनीपासून मोजल्यास टायरमधील हवेचा फरक हिशेबात येतो. अनेक सोसायट्यांचे आवार पाण्याच्या निचऱ्यासाठी उतरते केलेले असल्याने सपाट जागा निवडावी. आसाचा आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन साध्या कोनमापकाने किंवा मोबाइल संचातील सुविधेनेही मोजता येतो. मोजमापे घेतलेली नसतील, तर त्याच नमुन्याच्या मूळ स्थितीतील दुसऱ्या वाहनाशी तुलना करावी.

लक्षणे, कारणे व उपाय

१. स्टिअरिंग भटकणे. सायकलचा पुढचा चिमटा मागे कललेला असतो, म्हणून हात सैल सोडले तरी ती काही अंतर सरळ जाते. मोटारीतही चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे कललेला असतो. या कलाला कॅस्टर कोन म्हणतात. जुन्या जीपमध्ये हा कोन मुळातच ३ अंशांच्या आसपास असतो. या जीपमध्ये पुढच्या पाट्याचे शॅकल पुढील टोकाला असते. तेथे ५० मिलिमीटर अधिक लांबीचे शॅकल बसविल्यास पाट्याचे एकच टोक तेवढे खाली जाते. पाट्याच्या मध्यावर असलेल्या आसाच्या ठिकाणी उंची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर वाढते. मात्र पाट्याची लांबी ९५० मिलिमीटर धरल्यास आस सुमारे ३ अंशांनी पुढे कलते. म्हणजेच २५ मिलिमीटर उंचीच्या मोबदल्यात जवळजवळ संपूर्ण कॅस्टर कोन गमावला जातो. परिणामी वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि वाहन वेगात डावीउजवीकडे भरकटते.

यावर उपाय म्हणजे पाटा व आस यांच्यामध्ये योग्य कोनाची पोलादी पाचर बसविणे किंवा मूळ शॅकल परत लावणे. पाचरीमुळे कॅस्टर कोन सुधारतो. परंतु पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली वळते आणि पुढच्या शाफ्टवरील कोन वाढतो. एक कोन सुधारताना दुसरा बिघडतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. टॉर्शन बार आवळलेल्या वाहनात पुढच्या चाकांचा कल आणि त्यांचे परस्परांशी समांतर असणे बिघडते. तेथे अलाइनमेंट करून घेतल्याशिवाय दुसरा कोणताही निष्कर्ष काढू नये.

२. स्टिअरिंगचे चक्र तिरपे राहणे व खड्ड्यात वाहन ओढले जाणे. ड्रॅग लिंक तिरपी झाली की तिची परिणामी लांबी बदलते. त्यामुळे सरळ जातानाही चक्र वाकडे दिसते. लिंकची लांबी जुळवून ते सरळ करता येते. मात्र लिंकचा तीव्र उतार कायम राहिल्यास चाक वरखाली होताच वाहन स्वतःहून वळू पाहते. हा दोष लांबी जुळवून जात नाही. तो लिंकचा उतार कमी केल्यानेच जातो.

३. वेगाबरोबर वाढणारी थरथर. प्रोपेलर शाफ्टची लांबी १ मीटर असून उंची ७५ मिलिमीटरने वाढविली, तर शाफ्टचा कोन सुमारे ४ अंशांनी वाढतो. ७०० मिलिमीटरच्या आखूड शाफ्टमध्ये हीच वाढ ६ अंशांहून अधिक होते. शाफ्टच्या दोन्ही टोकांना एकेरी क्रॉस असल्यास दोन्हीकडील कोन समान असावे लागतात. तरच एका क्रॉसने निर्माण केलेली गतीची चढउतार दुसरा क्रॉस नाहीशी करतो. अधिक कमानीच्या पाट्यांनी किंवा सपाट ठोकळ्याने उंची वाढविल्यास ही समानता बहुधा टिकते. मागच्या टोकाला लांब शॅकल लावल्यास डिफरन्शियलचे तोंड वर वळते, समानता मोडते आणि थरथर सुरू होते. तेव्हा चाकांचे संतुलन वारंवार करण्यापूर्वी हे दोन कोन मोजावेत. शाफ्टच्या सरकत्या जोडाची एकमेकांत शिरलेली लांबी पुरेशी आहे की नाही, हेही पाहावे.

४. कडक धक्के व आपटण्याचा आवाज. मूळ लांबीचे शॉकअब्सॉर्बर तसेच ठेवल्यास वाहन उभे असतानाच ते बरेचसे ताणलेले असतात. गतिरोधकावरून उतरताना चाक खाली जाऊ लागते आणि शॉकअब्सॉर्बर आतून आपटतो. याची परीक्षा सोपी आहे. चेसिस भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवून चाके मोकळी लोंबू द्यावीत. अशा स्थितीत आसाचे वजन शॉकअब्सॉर्बरने पेललेले दिसल्यास तो आखूड आहे. ब्रेकची नळीही याच स्थितीत तपासावी. ती ताणलेली दिसल्यास वाहन रस्त्यावर आणू नये. केवळ जॅकच्या आधारावर वाहनाखाली कधीही शिरू नये.

धक्क्यांचे दुसरे कारण सहसा दुर्लक्षित राहते. पाट्यांचे रबरी बुश वाहन हवेत असताना पूर्ण आवळले, तर चाके जमिनीवर येताच ते पिळले जातात. त्यामुळे चाल कडक होते, उंची फसवी दिसते आणि बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी सैल ठेवून, वाहनाचे वजन चाकांवर आल्यानंतरच ते अंतिम आवळावेत.

५. वाहन एका बाजूला कलणे किंवा तिरके चालणे. डावे-उजवे पाटे असमान असल्यास वाहन कलते. यू-बोल्ट सैल राहिल्यास पाट्यांचा सेंटर बोल्ट तुटून आस मागेपुढे सरकू शकते. दोन्ही बाजूंना चाकाचा मध्य आणि चेसिसवरील समान खूण यांतील अंतर मोजल्यास हे उघड होते. जुने यू-बोल्ट ताणले गेलेले असतात, त्यामुळे ते पुन्हा वापरू नयेत. नवे यू-बोल्ट टॉर्क पान्याने आवळावेत आणि पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. खाऱ्या हवेमुळे उपनगरांतील वाहनांचे बोल्ट गंजतात, म्हणून ही दक्षता अधिक महत्त्वाची ठरते.

६. ब्रेकमधील बदल. काही वाहनांत मागच्या ब्रेकचा दाब आस व चेसिस यांमधील अंतरानुसार ठरविणारी झडप असते. उंची वाढताच ही झडप वाहन रिकामे आहे असे मानते आणि मागचे ब्रेक कमी लागतात. तिची जोडदांडी नव्या उंचीनुसार जुळवून घेणे आवश्यक असते. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

स्थैर्य आणि कायदा

वरील सर्व दोष दूर झाले तरी एक परिणाम उरतोच. चाकांमधील आडवे अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट, हे गुणोत्तर वाहनाचे उलटण्याविरुद्धचे स्थैर्य दर्शविते. हे अंतर १३०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर असल्यास गुणोत्तर ०.९३ येते. गुरुत्वमध्य ७० मिलिमीटरने वर गेल्यास ते ०.८४ होते. द्रुतगती महामार्गावर अचानक मार्गिका बदलताना हा फरक निर्णायक ठरू शकतो.

कायद्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात निश्चित केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीचा हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने समाविष्ट झालेल्या कलम १८२-अ नुसार, अनुज्ञेय नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. म्हणून कामास हात घालण्यापूर्वी अंधेरी, बोरिवली किंवा पूर्व उपनगरांसाठी वडाळा येथील परिवहन कार्यालयात, तसेच विमा कंपनीकडे लेखी विचारणा करणे हिताचे ठरते.

निष्कर्ष

उंचीवाढीनंतरच्या तक्रारी वरकरणी निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ बहुतांशी एकच असते : आस आणि चेसिस यांच्यातील अंतर बदलले, परंतु त्या अंतराशी बांधलेले कोन व लांबी जुळविली गेली नाही. दोष शोधताना प्रथम ब्रेकची नळी व यू-बोल्ट, नंतर लोंबत्या चाकांची परीक्षा, त्यानंतर कॅस्टर व शाफ्टचे कोन आणि शेवटी अलाइनमेंट असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याची नोंद ठेवावी. कोन जुळत नसतील तर उंची कमी करणे किंवा मूळ भाग परत बसविणे हीदेखील दुरुस्तीच आहे. काढलेले मूळ भाग भंगारात न देता जपून ठेवल्यास हा मार्ग मालकासाठी नेहमी खुला राहतो.