सात कोटींची रांग आणि गोराईची रांग

पैसे गुंतवून अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना मिळतो, हे आपल्या वाचकांपैकी अनेकांना ठाऊक नसेल. ठाऊक असण्याचे कारणही नाही. १९९० च्या कायद्याने अमेरिकेने ‘ईबी-५’ नावाचा हा दरवाजा उघडला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा किमान भाव ८ लाख डॉलर झाला. आपले सात कोटी रुपये धरा. त्या पैशातून तिथे १० नोकऱ्या उभ्या राहिल्या पाहिजेत, ही अट वेगळी. आता या धनिकांची तक्रार अशी, की एवढे मोजूनही वर्षानुवर्षे थांबावे लागते.

तक्रार खोटी नाही. वर्षाला सुमारे १० हजार व्हिसा, त्यात बायको-मुलेही मोजली जातात, आणि मागणी वाढली की एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा लागते. चीनची रांग २०१५ मध्ये लागली, भारताची २०१९ मध्ये. मध्ये ती सुटली आणि २०२२ च्या अखेरीस पुन्हा लागली. रांगेत उभे असताना मुलगा २१ वर्षांचा झाला तर त्याचा हक्क जाण्याची भीती असते. बापाच्या जिवाला घोर लागणारच, मग तो बाप कोट्यधीश का असेना.

पण या रांगेवर अमेरिकेने काढलेला उपाय आमच्या वाचकांनी नीट पाहावा. २०२२ च्या कायद्याने ३२ टक्के व्हिसा राखून ठेवले: २० टक्के ग्रामीण भागातील प्रकल्पांसाठी, १० टक्के जास्त बेकारीच्या भागांसाठी, २ टक्के पायाभूत सुविधांसाठी. ग्रामीण गटातल्या अर्जांना अग्रक्रमही दिला. म्हणजे आरक्षणच की! ते माणसाच्या जातीवर नाही, प्रकल्पाच्या जागेवर आहे, हा फरक आम्ही लपवत नाही. पण तत्त्व तेच आहे. राखून ठेवल्याशिवाय मागास भागाकडे पैसा वळत नाही, हे भांडवलशाहीच्या माहेरघरानेही मान्य केले. आणि इथे आरक्षणाच्या नावाने बोटे मोडणारा वर्ग तिथल्या राखीव गटाचा अर्ज भरताना गुणवत्तेचा प्रश्न काढत नाही.

आता गोराईकडे या. जागतिक बँकेच्या कर्जातून म्हाडाने इथे लहान लहान भूखंडांची वसाहत उभी केली. खाडीपलीकडे २००९ साली विश्व विपश्यना पॅगोडाचे उद्घाटन झाले. बुद्धपौर्णिमेला इथल्या जेट्टीवर बोटीसाठी उभे राहणारे आपले लोक रांगेला घाबरत नाहीत. पण याच वसाहतीतल्या एखाद्या मुलीला परदेशी विद्यापीठात प्रवेश मिळाला, तर तिच्या वाट्याला कोणती रांग येते?

केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत १२५ जागा आहेत, त्यांतल्या ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत हवे. २०२५-२६ साठी १०६ जण निवडले गेले. जुलै २०२५ मध्ये त्यांतल्या फक्त ४० जणांना पत्रे निघाली. उरलेल्या ६६ जणांना निधी उपलब्ध झाला तर पत्र मिळेल, असे सांगण्यात आले. निवड झाली, गुणवत्ता सिद्ध झाली, आणि तिजोरीपाशी येऊन अडले. अमेरिकेतील विद्यार्थ्याला या योजनेत निर्वाहभत्ता वर्षाला १५,४०० डॉलर. एका धनिकाच्या ८ लाख डॉलरमध्ये ५१ मुलांचा वर्षभराचा भत्ता निघतो. शिकवणीची फी वेगळी, हे खरे. पण प्रमाण लक्षात यावे.

ते आठ लाख बाहेर नेण्याचीही सोय आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने एका माणसाला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात. घरात चार माणसे असली की दहा लाख झाले.

थांबणे काय असते हे बाबासाहेबांनी भोगले आहे. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंडांवर, ते कोलंबियाला गेले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा विद्यापीठाने दिली होती. सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून पैसा साठवून, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. मुदत टळली असती तर?

धनिकाची रांग लांबली तर त्याचा बंगला इथे शाबूत असतो. आमच्या मुलीचा प्रवेश एका सत्राचा असतो; तो गेला की पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा उत्पन्नाचा दाखला. तोवर घरचे लग्नाचा विषय काढतात, ते निराळेच.

म्हणून सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आमची मागणी एवढीच आहे: निवडयादी मे अखेर लागावी आणि यादीतल्या प्रत्येक नावासोबत त्याच दिवशी पैशाचे पत्र निघावे. अमेरिकेतली बहुतेक विद्यापीठे ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात, आणि त्याआधी व्हिसाच्या मुलाखतीची तारीखही मिळवावी लागते.