शीला बदलते ती नेमकी कुठे?

जे. बी. प्रीस्टली यांचं ‘अ‍ॅन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक १९४५ साली आधी सोव्हिएत संघात आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये रंगभूमीवर आलं. काळ मात्र १९१२चा. कारखानदार बर्लिंग यांच्या घरी लेकीच्या, शीलाच्या साखरपुड्याची मेजवानी चालू असताना इन्स्पेक्टर गूल दारात उभा राहतो. एव्हा स्मिथ नावाच्या तरुणीने जंतुनाशक पिऊन जीव दिलेला असतो.

आठवड्याला २५ शिलिंग मागितले म्हणून बापाने एव्हाला कामावरून काढलं होतं, हे ऐकून शीलाला वाईट वाटतं. चूक दुसऱ्याची असली की वाईट वाटायला काही मोल पडत नाही. म्हणून प्रीस्टली लगेच तिलाच पिंजऱ्यात उभं करतात.

एव्हा पुढे मिलवर्ड्स या कपड्यांच्या दुकानात लागली होती. शीलाने आईचं न ऐकता एक पोशाख अंगावर घालून पाहिला. तो तिला मुळीच शोभेना. तोच पोशाख थोड्या वेळापूर्वी एव्हाने नुसता अंगाला लावून दाखवला, तर तिला खुलून दिसला होता. आरशात एव्हा दुसऱ्या विक्रेतीकडे पाहून हसताना दिसली आणि शीलाचं डोकं फिरलं. या मुलीला काढा, नाहीतर आमचं खातं बंद, असं तिने व्यवस्थापकाला बजावलं. हे सांगताना आपल्या रागामागे मत्सर होता, हेही ती लपवत नाही.

पण रडणं, कबुली हे सगळं पहिल्याच अंकात आटोपतं. तिच्या वाढीचा कस खरा तिसऱ्या अंकात लागतो. गूल मुळात पोलीसच नव्हता आणि इस्पितळात कुणी मुलगी दगावलेली नाही, असं कळतं. आईबाप सुटकेचा निःश्वास टाकतात, शीलाचा होणारा नवरा जेराल्ड तिने परत केलेली अंगठी पुन्हा पुढे करतो. शीला ती लगेच घेत नाही. कुणी मेलं नसेल, पण आपण जे केलं ते केलंच ना, एवढंच तिचं म्हणणं. भाऊ एरिक तेवढा तिच्या बाजूने असतो. एरवी बापापुढे मान तुकवणारी मुलगी इथे धाक आणि पुरावा दोन्ही उरलेले नसताना अडून बसते.

आणि मग फोन वाजतो: एक मुलगी खरोखरच मेली आहे, पोलीस निघाले आहेत. हा क्रम प्रीस्टलींनी फार हुशारीने लावला आहे. फोन आधी वाजला असता तर शीलाचं बोलणं भीतीपोटी आलं असंच आपण धरलं असतं.