दावा जिंकलात, पण ताबा मिळाला का?

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे आपल्याकडे म्हणतात, ते तारखांच्या भीतीने. पण निकाल लागला की उशीर संपतो, असेही नाही.

वाराणसीतला दोशीपुरा मोहल्ला पाहा. तिथल्या काही भूखंडांवर धार्मिक विधी करण्याच्या हक्कावरून शिया आणि सुन्नी समाजांत १८७८ पासून वेगवेगळे दावे झाले. ३ नोव्हेंबर १९८१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शियांचा हक्क मान्य केला. शंभरावर वर्षे इथवर गेली. त्यानंतरही शांतता बिघडेल या भीतीने निकालाची अंमलबजावणी अनेक वर्षे रखडली.

हे दुखणे जुनेच आहे. भारतात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हाती आल्यावर सुरू होतात, असे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ मध्येच म्हटले होते. कारण हुकूमनामा म्हणजे ताबा नव्हे. समोरचा ऐकत नसेल, तर ताब्यासाठी किंवा वसुलीसाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते. तिथे पुन्हा हरकती, पुन्हा तारखा. म्हणूनच दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बजावले.

आपल्या हातात काय आहे?

मुदती माहीत करून घ्या. दिवाणी दाव्यात प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत द्यायची असते. कारण पटल्यास ९० दिवसांपर्यंत. सुनावणीत एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत, असा नियम आहे. पाळला जात नसेल, तर वकिलांना हरकत नोंदवायला सांगा.

तारीख स्वतः पाहा. ई-कोर्ट्सच्या मोफत अॅपवर १६ अंक-अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख आणि झालेले आदेश दिसतात.

तडजोड शक्य असेल तर लोकअदालत. दोघांच्या संमतीने झालेला निवाडा हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो. त्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फीही परत मिळते. आपण कबूल केलेली गोष्ट माणूस सहसा पाळतो, हा त्यातला मोठा फायदा.

दरखास्त लांबणीवर टाकू नका. निकालाची नक्कल मिळताच वकिलांशी बोला. भावकीतल्या वाटणीचा निकाल कपाटात ठेवून दिला, तर तोच वाद उद्या मुलांच्या पदरी पडतो.