जिऱ्याची पारख आणि वापर

महाराष्ट्रात फोडणीला जिरे लागत नाही असे घर विरळा. परंतु हे पीक मुख्यत्वे गुजरात व राजस्थान या राज्यांत होते. त्याला कोरडी व थंड हवा मानवते. फुलोऱ्याच्या सुमारास आभाळ आले की करपा पडतो आणि उभे पीक थोड्याच दिवसांत हातचे जाते. त्यामुळे आवक व भाव यांचा भरवसा नसतो. उत्तर गुजरातेतील उंझा हा जिऱ्याचा मोठा बाजार होय. २०२३ च्या जुलै महिन्यात तेथील भाव क्विंटलला ६०,००० रुपयांवर गेला होता.

भाव चढला की भेसळीचा मोह वाढतो. गवताचे बी कोळशाच्या भुकटीने रंगवून जिऱ्यात मिसळतात. याची परीक्षा सोपी आहे. थोडे जिरे तळहातावर चोळावे; हात काळा झाल्यास तो माल घेऊ नये. ग्रामसेवकांनी बचत गटाच्या बैठकीत हा प्रयोग अवश्य करून दाखवावा.

जिऱ्याचा सारा गंध त्यातील उडून जाणाऱ्या तेलात असतो. अख्ख्या दाण्यात हे तेल टिकते. पूड केल्यावर ते लवकर उडून जाते. उन्हाळ्यात वर्षाचे तिखट कुटून ठेवण्याची आपल्याकडे चाल आहे. तिखटाला ती ठीक. जिरेपुडीच्या बाबतीत मात्र तिने नुकसानच होते. जिरे अख्खे, कोरडे, घट्ट झाकणाच्या बरणीत, चुलीपासून दूर ठेवावे व आठवड्यापुरतेच कुटावे.

भाजताना कोरडा तवा व मंद आच असावी. रंग किंचित पालटून वास सुटताच जिरे उतरावे. काळसर झाले की ते कडवट लागते. फोडणीतही हाच धोका असतो. म्हणून आधी मोहरी तडतडू द्यावी, जिरे मागाहून टाकावे व लगेच भाजी घालावी.

गोड्या मसाल्यात धने, खोबरे, तीळ यांच्या मेळात जिऱ्याचा वाटा ओळखू येत नाही. उपवासाच्या पदार्थांत मात्र तो उघड दिसतो. पुष्कळ घरांत उपवासाला मोहरी, हळद व हिंग चालत नाहीत. तेव्हा साबुदाण्याच्या खिचडीची किंवा वरीच्या तांदळाची चव तूप, मिरची आणि जिरे यांवरच उभी असते. जुने, वास गेलेले जिरे तेथे लगेच उघडे पडते. ताकात भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावयाची ती पानावर बसण्याच्या वेळी घालावी.