पाळोळ्याच्या खडकांना गोलाई कोणी दिली?

पाळोळ्याच्या किनाऱ्यावर रचून ठेवल्यासारखे दिसणारे गोलसर खडक पाहून ही लाटांचीच किमया असावी, असे वाटते. वास्तविक त्यांची बरीचशी घडण समुद्राचा स्पर्श होण्यापूर्वीच, जमिनीखाली झालेली असते.

काणकोणचा ग्रॅनाइट दोन अब्ज वर्षांहून अधिक जुना आहे. भूगर्भात खोलवर शिलारस अतिशय सावकाश थिजून तो तयार झाला. म्हणूनच त्यातील फेल्डस्पारचे मोठे स्फटिक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात. वरच्या थरांची झीज होत गेली, तसा त्याच्यावरील दाब ओसरला. खडक किंचित प्रसरण पावला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या आणि अखंड पाषाणाचे चौकोनी ठोकळे झाले.

या भेगांतून पावसाचे पाणी झिरपते. हवेतील आणि मातीतील कार्बन डायऑक्साइड विरघळल्याने ते सौम्य आम्लधर्मी असते. त्यामुळे फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते, काळ्या अभ्रकातील लोह गंजते. चिवट क्वार्ट्झ मात्र वाळूच्या रूपाने उरतो. ठोकळ्याच्या सपाट पृष्ठावर पाण्याचा मारा एका बाजूने होतो, कडेवर दोन आणि कोपऱ्यावर तीन बाजूंनी. साहजिकच कोपरे आधी झिजतात आणि मुरमात टणक, गोल गाभे शिल्लक राहतात. हे झाले विदारण.

पुढचे काम क्षरणाचे. पाऊस, ओहोळ आणि लाटा भुसभुशीत मुरूम वाहून नेतात. जड गाभे मात्र जागच्या जागी खाली बसतात आणि एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात. हंपीच्या टेकड्या आणि हैदराबादच्या शिळा याच क्रमाने घडल्या आहेत.

ही प्रक्रिया संपलेली नाही. ग्रॅनाइटच्या डोंगरउतारांवर असे अनेक गाभे आजही मुरमात दडलेले असतात. त्यांना आधार असतो तो मातीचा आणि झाडांच्या मुळांचा. उताराचा पायथा उभा कापला, झाडे तोडली, की मुसळधार पावसात भिजलेला मुरूम शिळांसह घसरू शकतो. डोंगरमाती पाण्याने सुटली म्हणजे काय होते, हे काणकोणने २ ऑक्टोबर २००९ च्या महापुरात दरडींच्या रूपाने अनुभवले आहे.

म्हणूनच उतारावर यंत्र चालवण्यापूर्वी त्या मुरमाची जाडी आणि पाण्याच्या वाटा तपासणे अगत्याचे ठरते. निसर्ग जो मुरूम कणाकणाने हलवतो, तो आपण एका दिवसात उपसतो. मात्र त्याने सावरून धरलेला भार तिथेच राहतो.