चंद्राच्या उदयास्ताच्या परमसीमा : एका समासटिपणाच्या निमित्तानें

ज्योतिषविषयक पोथ्यांच्या समासांत मूळ ग्रंथाशीं प्रत्यक्ष संबंध नसलेलीं लहानसहान टिपणें वारंवार आढळतात. ग्रहण, धूमकेतु, अवर्षण यांविषयींचीं टिपणें संशोधक आवर्जून उतरून घेतात. परंतु चंद्राच्या उगवण्यामावळण्याच्या जागेविषयीं कोणीं कांहीं लिहिलें असल्यास तिकडे सहसा दुर्लक्ष होतें. अशा एका टिपणाची उपेक्षा मजकडून झाली व तींत कायमचें नुकसान झालें. तसा प्रसंग इतर संग्राहकांवर येऊं नये, या हेतूनें हा विषय येथें थोडक्यांत मांडीत आहें.

सूर्याची गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. दक्षिणायनाच्या आरंभीं तो पूर्वक्षितिजावर उत्तरेच्या टोंकास उगवतो, व उत्तरायणाच्या आरंभीं दक्षिणेच्या. पूर्वबिंदूपासून उदयस्थानाचें जें अंतर, त्यास सिद्धान्तग्रंथांत ‘अग्रा’ अशी संज्ञा आहे. पुण्याच्या अक्षांशावर (१८° ३१′) सूर्याची परम अग्रा सुमारें २५ अंश येते, आणि मनुष्याच्या आयुष्यांत तींत डोळ्यांस जाणवेल असा फरक पडत नाहीं.

सूर्याचा हा वर्षाचा प्रवास चंद्र २७ दिवस ८ तासांत आटोपतो. निरयन पंचांगाप्रमाणें तो मृग व आर्द्रा यांच्या सांध्यावर असतां उत्तर टोंकास येतो, व मूळ नक्षत्रीं असतां दक्षिण टोंकास. मात्र प्रत्येक महिन्यांत हीं टोंकें सारख्याच सोयीनें दिसत नाहींत. मार्गशीर्ष-पौषांत उत्तर टोंक पौर्णिमेच्या सुमारास पडतें. निरीक्षणास तोच काळ उत्तम. फाल्गुन-चैत्रांत तें शुक्ल अष्टमीच्या आसपास येत असल्यानें उदयापेक्षां रात्रीचा अस्त पाहावा. भाद्रपदांत तें वद्य अष्टमीच्या सुमारास येतें, म्हणून मध्यरात्रीच्या उदयाकडे लक्ष ठेवावें. ज्येष्ठ-आषाढांत उत्तर टोंक अमावास्येपाशीं येऊन सूर्यतेजांत लोपतें. उलट पौर्णिमेचा चंद्र त्या वेळीं दक्षिण टोंकास उगवतो.

हें झालें एका वर्षाचें चक्र. परंतु चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशीं सुमारें ५° ९′ कललेली आहे, व या दोहोंचे छेदबिंदु, म्हणजे राहु आणि केतु, उलट गतीनें फिरत १८·६ वर्षांत एक प्रदक्षिणा पुरी करतात. राहु सायन मेषारंभीं असतां चंद्राचा परम शर सूर्याच्या परमक्रांतींत मिळून चंद्राची क्रांति २८° ३५′ पर्यंत जाते. राहु सायन तुलारंभीं असतां तोच शर वजा होऊन ती १८° १७′ च्या आसपासच थांबते. पुण्यास पहिल्या वेळीं चंद्राची परम अग्रा सुमारें ३० अंश येते, व दुसऱ्या वेळीं सुमारें १९. म्हणजे एके काळीं चंद्र सूर्याची सीमा सुमारें साडेपांच अंशांनीं, अर्थात् अकरा चंद्रबिंबांच्या रुंदीनें, ओलांडतो. आणि नऊ-सवानऊ वर्षांनीं जवळजवळ तितकाच अलीकडे राहतो.

आपले प्राचीन गणक या गतीपासून अनभिज्ञ नव्हते. सूर्यसिद्धान्तांत ४३,२०,००० वर्षांच्या महायुगांत राहूचे २,३२,२३८ भगण सांगितले आहेत. त्यावरून एका भगणाचे ६७९४·४ दिवस येतात. आधुनिक नाक्षत्र मान ६७९३·५ दिवसांचें आहे. परमक्रांति २४ अंश व चंद्राचा परम शर २७० कला हीं त्या ग्रंथाचीं मानें. यांपैकीं पहिलें किंचित् अधिक व दुसरें उणें असल्यामुळें बेरीज २८° ३०′, म्हणजे जवळजवळ बरोबर येते. वजाबाकी मात्र १९° ३०′ येऊन एक अंशाहून अधिक चुकते.

आतां माझ्या चुकीकडे वळतों. शके १९३७ मध्यें एका स्नेह्यांनीं आपल्या घरची एक करणग्रंथाची पोथी मजकडे वाचावयास दिली. तिच्या समासांत निराळ्या हातानें लिहिलें होतें कीं, पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या उत्तरसीमेपलीकडे तीन बोटें उगवला. वर्ष दिलेलें नव्हतें. खालीं आणखी एक ओळ होती. ती पुसट असल्यानें उतरून घेण्याची तसदी मीं घेतली नाहीं. त्याच वर्षीं मार्गशीर्ष पौर्णिमेस (२५ डिसेंबर २०१५) मीं गच्चीवरून चंद्रोदय पाहिला. चंद्र सूर्याच्या खुणेपर्यंतहि पोंचला नाहीं. तेवढ्यावरून मीं पोथीच्या सूचींत ‘टिपण अशुद्ध, उपेक्षणीय’ असा शेरा मारला. राहु त्या वेळीं निरयन कन्येंत, म्हणजे सायन तुलारंभाजवळ होता, हें पंचांगांत समोर असूनहि मीं विचारांत घेतलें नाहीं.

पुढें शके १९४६ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेस (१५ डिसेंबर २०२४) त्याच गच्चीवरून पाहतां चंद्र खुणेच्या बराच उत्तरेस, तीन बोटें पलीकडे उगवला. राहु मीनेंत होता. दुसऱ्याच दिवशीं स्नेह्यांकडे गेलों. परंतु पोथीच्या कडांस कसर लागल्यानें त्यांनीं त्या मध्यंतरीं कापून घेतल्या होत्या, व माझ्या शेऱ्यावर विसंबून तो समास राखला नव्हता. त्या दुसऱ्या ओळींत शक अथवा राहूची रास असल्यास ती आतां गेली.

अशा टिपणाचा काळनिर्णयास उपयोग किती, हें मर्यादेसह ध्यानांत घ्यावें. परमसीमेच्या मागेंपुढें दीड-दोन वर्षें चंद्राच्या परमक्रांतींत एक अंशाहूनहि कमी फरक पडतो, आणि तीच स्थिति १८·६ वर्षांनीं पुन्हा येते. म्हणून केवळ एवढ्यावरून शक ठरत नाहीं; अन्य पुराव्यास मात्र बळकटी येते. अमेरिकेंतील कोलोरॅडो राज्यांत चिम्नी रॉक येथें प्युब्लो लोकांच्या प्राचीन वास्तूवरून पाहतां, परमसीमेच्या काळीं दोन शिलास्तंभांच्या मधून चंद्र उगवतो. तेथील लांकडांच्या वलयांवरून निघालेलीं इ. स. १०७६ व १०९३ हीं वर्षें अशा काळांशीं जुळतात. तेथेंहि आधार लांकडाचा आहे. चंद्र हा दुसरा साक्षी.

आपल्याकडील एखाद्या देवालयाचें द्वार चंद्रोदयाकडे आहे असें प्रतिपादन करणारांनींहि एका वर्षाच्या निरीक्षणावर विसंबूं नये. एकच जागा, एकच खूण व प्रत्येक नोंदीसोबत तिथि, नक्षत्र आणि राहूची रास, एवढें पथ्य पाळावें.

यापुढील लघुसीमा इ. स. २०३४ च्या सुमारास व परमसीमा २०४३ च्या सुमारास येईल. ती दुसरी पाहण्याची आशा माझ्या वयाच्या माणसानें धरूं नये. म्हणून माझ्या नोंदींची वही एका तरुण विद्यार्थ्याच्या स्वाधीन केली आहे. संग्राहकांस विनंति इतकीच कीं, समासांतील मजकूर पटो वा न पटो, पुसट ओळींसह तो समग्र उतरून घ्यावा, आणि शेरा मागाहून लिहावा.